थंड हवेविरुद्ध माझं पत्रक

आमच्या गाडीचा एसी बिघडला, तेव्हा त्या गाडीत एसी असण्यालाच माझा तात्त्विक विरोध होता.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे जे झालं त्यात माझा हात होता असं आई म्हणते, मुद्दाम केलं असं शेजारच्या जोशीकाकू म्हणतात, आणि बाबा काहीच म्हणत नाहीत. बाबांचं काहीच न म्हणणं सगळ्यात जास्त लागतं.

मी पत्रकांवर वाढले. हे अलंकारिक नाही. बाबा मिलमध्ये होते आणि युनियनमध्येही होते, त्यामुळे आमच्या इंदूरमधल्या सुदामा नगरच्या घरात कागद म्हणजे पत्रकच. फडताळात पत्रकं अंथरलेली, आईच्या शाळेच्या डब्यातली पोळी पत्रकात गुंडाळलेली. बाकीची मुलं 'क' कमळाचा शिकली, मी 'क' कामगाराचा शिकले. पहिलीत बाईंनी विचारलं, "बेटा, चिट्ठी की शुरुआत कैसे करते हैं?" मी उभी राहून ठणठणीत आवाजात म्हणाले, "साथियो!" (बाईंनी आईला बोलावून घेतलं. आई त्याच शाळेत शिकवायची, त्यामुळे तिला फार लांबून यावं लागलं नाही.)

बाबा मिलमध्ये हवा सांभाळायचे. खरंच हेच काम होतं! सुताला कोरडी हवा चालत नाही, तुटतं ते. म्हणून बाहेरची हवा ओढायची, पाण्याच्या फवाऱ्यातून धुवायची आणि खात्यात सोडायची. बावीस वर्षं बाबांनी हे केलं. सूत तुटू नये याची एवढी काळजी घेणाऱ्या त्या मिलमध्ये माणूस तुटला तर बघणारं खातं नव्हतं, हे वाक्य माझ्या पहिल्या पत्रकातलं. बाबांनी ते वाचून चष्मा काढला होता आणि म्हणाले होते, "बरं लिहिलंयस. पण फवाऱ्याबद्दल दोन ओळी हव्या होत्या."

मग मिल बंद झाली. एक दिवस भोंगा वाजला नाही, एवढंच. देशात उदारीकरण आलं होतं म्हणे. आमच्या गल्लीत ते एका जुन्या पांढऱ्या गाडीतून आलं, आणि ती गाडी बाबाच घेऊन आले!

"भाड्यानं चालवणार," बाबा म्हणाले. "एसी आहे हिच्यात."

"अहो, हवेची नोकरी गेली, तर हवेचीच गाडी घेतलीत?" आई म्हणाली.

"हवा माझा विषय आहे."

"बाबा!" मी म्हणाले. "ज्यांनी मिल बंद केल्या त्यांनाच आता गारवा देत फिरवणार तुम्ही?"

"ज्यांनी बंद केल्या ते विमानानं जातात, अनू. गाडीत बसणारे त्यांचे नोकर असतात."

हे उत्तर बरोबर होतं, म्हणून मला अजिबात आवडलं नाही. त्याच रात्री मी हिंदीत एक पत्रक लिहिलं. मथळा होता: 'ठंडी हवा किसकी?' कॉलेजजवळच्या छापखान्यातून गुलाबी कागदावर छापून आणलं. बाबांनी ते वाचलं, घडी केली आणि फक्त एक नियम घातला: "गाडीत पत्रकं नाहीत. बाकी सगळ्या इंदूरात वाट."

मी तत्त्वाची मुलगी. मी त्याच दिवशी शंभर पत्रकांचा गठ्ठा गाडीत लपवला.

जागाही नामी शोधली. डाव्या सीटसमोर जो झाकणाचा खण असतो, त्यात आईनं गाडीच्या पूजेचा नारळ लाल फडक्यात बांधून ठेवला होता, अन्नपूर्णेच्या देवळातून आणलेला. "हा खण कुणी उघडायचा नाही. नारळ हलायला नको," असं तिनं बजावलं होतं. मिलच्या मालकांना न घाबरलेले बाबा या बाबतीत आईच्या शब्दाबाहेर नव्हते. म्हणजे आख्ख्या मध्य प्रदेशात पत्रकांना त्याहून सुरक्षित जागा नव्हती! माझा बेत असा होता की कधीतरी एखादा मोठा साहेब गाडीत बसेल, मी संधी साधून खण उघडीन, आणि त्याच्या हातात थेट प्रश्न ठेवीन. गठ्ठा नारळाच्या मागे कोंबला. मागे भरपूर जागा होती. खणाला मागची भिंत जवळजवळ नव्हतीच, हे त्या वेळी मला सोयीचं वाटलं.

महिन्याभरानं संधी आली. मानपूरजवळ कुठलीशी कंपनी मोठं गोदाम बांधत होती. तिचे दिल्लीचे खन्ना साहेब इंदूरला राहून रोज तिकडे जाणार होते. वर्षभराची ड्यूटी! अट एकच: मे महिना आहे, एसी चोख पाहिजे. सोमवारी एक फेरी करून बघतील, पसंत पडली तर बाबांची गाडी पक्की. आईनं त्या दिवशी शिरा केला. मिल बंद झाल्यापासून आमच्याकडे शिरा झाला नव्हता.

आणि गुरुवारी एसी बिघडला.

बिघाडही असा नमुनेदार की विचारू नका. चालू केला की पाच मिनिटं झकास. मग आतून फर्र-फर्र असा आवाज. मग हवा कमी कमी होत जायची आणि वीस मिनिटांनी नुसता सुस्कारा. बंद करून अर्ध्या तासानं परत लावला की पुन्हा झकास!

बाबांनी बाह्या सरसावल्या. त्यांनी मिलची पद्धत काढली. हवा येते का, किती येते हे पाहायला कापसाचा पिंजलेला फाया दोऱ्याला बांधून झरोक्यासमोर धरायचा. हवेत ओल किती हे पाहायला दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगायचे, एक कोरडा, दुसऱ्याच्या टोकाला ओली चिंधी. गाडीच्या चारही झरोक्यांवर फाये लोंबकळले, आरशाला दोन थर्मामीटर आणि ओली चिंधी. मी मागच्या सीटवर वही घेऊन दर पाच मिनिटांनी आकडे लिहितेय.

जोशीकाकू फाटकाशी येऊन बघत राहिल्या.

"अगं बाई! गाडीला नजर लागली का?"

"नाही काकू, हवा मोजतोय," बाबा म्हणाले.

"हवा मोजताय," काकूंनी आईकडे बघून मान हलवली. "मिल बंद झाल्यापासून असंच करतात का हो?"

शुक्रवारी बबलू भिया आले. हे गाड्यांचे एसी दुरुस्त करणारे उस्ताद. बॉनेट उघडून त्यांनी एक नजर टाकली आणि निकाल दिला.

"गेस कम है, अंकलजी."

"गेस कम असती तर पहिली पाच मिनिटं गार का झालं असतं?" बाबा.

"वो तो गाडी की शराफत है."

गेस भरली. पाच मिनिटं झकास, मग फर्र-फर्र, मग सुस्कारा. बबलू भियांनी कपाळ पुसलं.

"तो फिर कंप्रेसर गया भिया. अपन तो शुरू से के रिये थे."

"तुम्ही शुरू से गेस म्हणत होतात!" मी म्हणाले.

"गेस तो कम थी ही ना दीदी!"

बाबा ऐकत नव्हते. त्यांनी बॉनेटखालच्या जाड नळीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. नळीवर पांढरा बर्फ! बबलू भियांचे डोळे विस्फारले. "अरे बाप रे! ये तो कुल्फी जमा रिया है!"

"बघ अनू," बाबांचा आवाज एकदम मिलमधला झाला. "थंडी आहे. पोत्यानं आहे. ती उचलून न्यायला हवा नाही. हवा न मिळाल्यानं थंडी जागच्या जागी गोठतेय. कंप्रेसर ठीक, गेस ठीक. हवा कुठेतरी अडलीय."

"म्हणजे बाबा," मला राहवेना, "माल भरपूर आहे, पण तो लोकांपर्यंत पोचत नाही! वितरणाचा दोष! हीच तर या व्यवस्थेची…"

"अनू, टॉर्च धर."

बाबा हवेच्या वाटेमागे लागले. मिलचा माणूस, त्याच्या लेखी हवा बाहेरून येते! म्हणून काचेखालची बाहेरची जाळी खोलली. कडुनिंबाची पानं निघाली, एक मेलेला नाकतोडा, एक चॉकलेटचा कागद. सगळं स्वच्छ केलं. पाच मिनिटं झकास, फर्र-फर्र, सुस्कारा! शनिवारी जाळी पुन्हा खोलली. रविवारी आख्खी गाडी पाण्यानं धुतली आणि तिच्याभोवती अगरबत्ती फिरवली. अगरबत्तीचा धूर कुठे ओढला जातो हे बाबा बघत होते. जोशीकाकूंनी फाटकावरूनच गाडीला हात जोडले.

रविवारी संध्याकाळी बाबा ओट्यावर बसून राहिले. "बावीस वर्षं विणकाम खात्यातल्या चारशे साच्यांना हवा दिली," ते म्हणाले, "आणि एका डबड्यातली सापडत नाही."

मला वाईट वाटलं. खूप वाटलं. मी त्यांच्याशेजारी बसून म्हणाले, "बाबा, मी काय करू सांगा." त्या क्षणी मी करण्यासारखं नेमकं एकच काम होतं, आणि ते मला ठाऊक नव्हतं.

शेवटी बाबांनी तोडगा काढला. पंधरा मिनिटं थंडी चालू, मग पाच मिनिटं थंडी बंद आणि नुसता पंखा, म्हणजे जमलेला बर्फ वितळेल. पण गाडी चालवताना घड्याळ कोण बघणार? तर मी! पुढच्या डाव्या सीटवर मी बसायचं, बाबांची मदतनीस म्हणून, आणि वेळ झाली की म्हणायचं, "बाबा, पाणी देऊ?" बाबा हळूच बटण बंद करतील. आणि त्या पाच मिनिटांत साहेबांच्या लक्षात येऊ नये म्हणून त्यांच्याशी गोड बोलायचं.

"मी? गोड? कंपनीच्या साहेबाशी?"

"वर्षभराची ड्यूटी आहे, अनू," आई म्हणाली. तिनं आवाज चढवला असता तर मी भांडले असते. तिनं चढवला नाही.

सोमवारी खन्ना साहेब मागच्या सीटवर बसले. टाय, ब्रीफकेस, मनगटावर जाड घड्याळ. मी मनातल्या मनात त्यांना 'वर्गशत्रू' म्हणून नोंदवलं आणि तोंडानं म्हणाले, "नमस्ते सर, इंदौर कैसा लगा?" जीभ चावली नाही, पण चावायला पाहिजे होती.

पहिली पंधरा मिनिटं सुरेख. "बाबा, पाणी देऊ?" बटण बंद. पोह्यांवर बोललो. बटण चालू. पंधरा मिनिटं. "बाबा, पाणी देऊ?" बटण बंद. शेव किती प्रकारची असते यावर बोललो. महू गेलं.

"आपके पापा को प्यास बहुत लगती है," खन्ना साहेब म्हणाले. "पर पीते तो हैं नहीं."

"पूछना मेरा फर्ज है सर."

बटण चालू. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेवढ्यात त्यांनी विचारलं, "देवळे जी, पहले क्या करते थे?"

"मिल में था साहब. हवा देखता था."

"हवा?" साहेब हसले. वाईट हसले नाहीत, आता आठवलं तर नुसतं नवल वाटून हसले असावेत. पण मी हसणं ऐकलं आणि संपलं! मी सीटवर उलटी वळले. सुताची ओल, फवारे, भोंगा, फाटकावरचं कुलूप, कुलपासमोर डबे घेऊन बसलेली माणसं, सगळं सांगितलं. शुद्ध हिंदीत, एका दमात, मुद्द्याला मुद्दा जोडून. मधेच बाबा खाकरले. मला वाटलं गहिवरले. पुन्हा खाकरले. मी म्हणाले, "रुकिए बाबा, मुद्दे पर आ रही हूँ!"

मुद्द्यावर आले तोवर चाळीस मिनिटं झाली होती. झरोक्यांतून सुस्कारासुद्धा येईना. खन्ना साहेबांनी टाय सैल केला होता आणि ब्रीफकेसनं वारा घेत होते.

"देवळे जी, आवाज़ तो आ रही है. हवा कहाँ है?"

मी घड्याळ पाहिलं. "बाबा… पाणी देऊ?"

"आता आंघोळच घाल!" बाबा दातांमधून म्हणाले आणि बटण बंद केलं.

चाळीस मिनिटांचा बर्फ वितळू लागला. समोरच्या खणाखालून गार पाण्याची धार सुटली ती थेट माझ्या पायांवर! मे महिना, बाहेर लूचा भाजणारा वारा, आणि मी बर्फाच्या पाण्यात घोट्यापर्यंत. साहेबाला न मिळालेला सगळा गारवा माझ्या चपलांत जमा झाला होता.

मानपूरच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी बाबांनी गाडी थांबवली. "साहब, पाँच मिनट दीजिए." खन्ना साहेब उतरले. घड्याळाकडे बघत उभे राहिले.

बाबांनी खिशातून फाया काढला. पंखा चालू ठेवून काचेखालच्या जाळीपाशी धरला. फाया ढिम्म. बाबांनी फाया खाली घेतला. मग हळूच म्हणाले, "मिल हवा बाहेरून घ्यायची. पण ही गार झालेली हवा बाहेर कशाला टाकेल? ही आतलीच पुन्हा ओढते. आतून. कुठून?"

आणि पन्नाशीतला तो माणूस दारातून उलटा आत शिरला. डोकं खाली, पाय बाहेर रस्त्यावर, हात माझ्या पायांशी साचलेल्या पाण्यात. फाया झरोक्याऐवजी खणाखाली धरला. आतून फर्र-फर्र ऐकू आलं. कागदासारखं.

कागदासारखं!

माझ्या पायांखालचं पाणी जास्तच गार झालं.

"अनू," खालून आवाज आला, "खण उघड."

"खणात नारळ आहे बाबा."

"माहितीये. उघड."

"आईनं सांगितलंय, नारळ हलायला नको…"

"अनू."

मी खण उघडला. बाबांनी नारळ दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला आणि सीटवर ठेवला. मग मागे हात घातला. एक गुलाबी कागद आला. ओला, बर्फाळ. मग दुसरा. मग तिसरा. गठ्ठ्याची सुतळी सुटली होती. वरची पत्रकं घसरून खणाच्या मागे पडली होती, जिथून गाडी श्वास घेते त्या आतल्या जाळीपाशी. पंखा लावला की एकेक उडून जाळीला चिकटायचं आणि वाट बंद. पंखा बंद केला की गळून खाली बसायचं. म्हणून बिघाड यायचा आणि जायचा! चार दिवस माझी पत्रकं त्या अंधारात उठत होती, नाकेबंदी करत होती आणि पंखा थांबला की विश्रांती घेत होती. इतकी शिस्त आमच्या कुठल्या मोर्चात मी पाहिली नव्हती.

एक पत्रक खन्ना साहेबांनी उचललं. झटकलं. मोठ्यानं वाचलं. "साथियो! ठंडी हवा किसकी? जो पसीना बहाए उसकी, या जो पसीने से डरे उसकी? ऐसी हवा हम नहीं चलने देंगे, नहीं चलने देंगे!"

ते थांबले. गाडीकडे पाहिलं. "वाकई, नहीं चलने दी."

टपरीवाला मोठ्यानं हसला. मी हसले नाही.

"किसने लिखा है?"

माझ्यासारख्या मुलीनं आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट पाहावी तो हा प्रश्न! छाती पुढे काढून उत्तर द्यायचं मी शंभरदा घोकलं होतं. माझ्या तोंडून जेमतेम "मैंने" निघालं.

"लिखा इसने, साहब," बाबा पाण्यातून उठत म्हणाले. शर्ट कोपरापर्यंत भिजलेला. "पढ़ना मैंने सिखाया."

ते बाहेर आले आणि ओली पत्रकं एकेक करून बॉनेटवर पसरली, उडू नयेत म्हणून प्रत्येकावर खडा ठेवला. छापलेला कागद टाकायचा नसतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी खडे आणून देत राहिले.

मग बाबांनी एसी लावला. फाया झरोक्यासमोर धरला. फाया ताठ! आडवा, दोऱ्याला ओढ देत, मिलच्या फाटकावरच्या जुन्या झेंड्यासारखा! पंधरा मिनिटं गेली, वीस गेली, फाया तसाच. बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मिल बंद झाल्यापासून मी पाहिलं नव्हतं. "चली," ते स्वतःशीच म्हणाले.

खन्ना साहेब आत बसले, गार हवेत डोळे मिटले, उघडले. "देवळे जी, बीमारी पकड़नेवाला ड्राइवर मुझे चाहिए. कल से ड्यूटी पक्की. बस एक शर्त है." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ये बेटी मेरी गाड़ी में नहीं बैठेगी. आज से ही."

माझे बाबा बावीस वर्षं युनियनमध्ये होते. मॅनेजमेंटची एकही अट त्यांनी तीन बैठकांशिवाय ऐकून घेतली नव्हती. ते एका सेकंदात म्हणाले, "मंजूर!"

श्रम आणि भांडवल यांचं एकमत झालेलं मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं. आणि ते माझ्याविरुद्ध होतं.

गाडी गोदामाकडे गेली. मी वाळलेली पत्रकं, उरलेला गठ्ठा आणि चिंब चपला घेऊन इंदूरच्या बसमध्ये चढले. बस खचाखच, लू तोंडावर मारतेय. उकाडा असह्य झाला तेव्हा मी एक पत्रक घेऊन वारा घ्यायला लागले. शेजारच्या मावशींनी पाहिलं. "बेटा, एक मेरे को भी दे." मागून कुणी म्हणालं, "दीदी, इधर भी!" कंडक्टरनं स्वतः पुढे येऊन दोन मागितली.

दोन वर्षं मी पत्रकं वाटत होते आणि लोक ती पुढच्या वळणावर टाकत होते. त्या दिवशी महू यायच्या आत माझा गठ्ठा संपला. आख्खी बस, एकजुटीनं, हातात माझं पत्रक उंच धरून हलवत होती. 'ठंडी हवा किसकी?' या प्रश्नाचं उत्तर जनतेला मिळालं होतं, आणि ते मिळवायला एकालाही ते पत्रक वाचावं लागलं नव्हतं.